ताओर्मिनात दिलेला विडा

निर्मळ, ता. वसई
५ नोव्हेंबर १९७५

प्रिय ॲनीबाय,

देवाची कृपा तुझ्यावर आणि लोकरीचे मोजे तुझ्या पायांत असोत. मी सुखरूप पोचले. ट्रंकही पोचली. फक्त तिची एक कडी तुटली आहे आणि तू दिलेल्या बदामाच्या मिठाईचा चुरा झाला आहे. चुरा म्हणून वाटला तर लोकांनी दोनदा मागून घेतला.

गावातले सगळे विचारतात, "बर्थाबाई, रोम कसं होतं?" मी म्हणते, मोठं होतं. आणि मग ताओर्मिनाचं सांगायला बसते ते दिवेलागण होईपर्यंत. पवित्र वर्षाच्या यात्रेला आमच्या चर्चमधून इतके जण गेले, पण यात्रा संपल्यावर भाचीने सिसिलीला नेलेली मी एकटीच. परवा फादर मला मिस्सेनंतर थांबवून म्हणाले, "तुम्ही गेलात रोमला, मग सगळा गाव त्या एटनाबद्दल का बोलतो?" मी म्हटलं, फादर, रोमचं तुम्ही सांगा, तुम्हाला पाठ आहे. डोंगराचं मी सांगते.

पहिल्या सकाळचं सांगते तेव्हा बायका पोट धरून हसतात. मी खिडकी उघडली तर खाली निळा समुद्र, त्यात ते हिरवं इवलंसं बेट, आणि समोरच्या डोंगराच्या डोक्यावर धूर. मी तुला हाक मारली, "ॲनी, ऑक्टोबरात राब कोण जाळतंय गं? ह्या लोकांना भातशेतीचं काही कळतं की नाही?" तू हसत हसत पलंगावरच बसलीस. आता मला काय ठाऊक, डोंगर स्वतःच जळतो म्हणून!

त्या जुन्या दगडी नाट्यगृहात लोकांनी नाट्यगृहाचे फोटो काढायचे सोडून माझ्या लाल लुगड्याचे काढले, तेही सांगितलं. सकाळी न्याहारीला पावाबरोबर लिंबाचा बर्फ खातात, तेही. हे सगळं लोकांना पटतं. पण आगगाडी डब्यांसकट बोटीत चढली आणि समुद्र ओलांडून पलीकडे उतरली, हे कुणाला म्हणजे कुणाला पटत नाही. तुझा बाप तर तोंडावर म्हणाला, "बर्था, थापा मारायच्या तर जरा बेतानं मार." तू त्याला एकदा लिही. सख्ख्या बहिणीवर विश्वास नाही, निदान पोटच्या पोरीवर तरी ठेवील.

एक राहून गेलं. तो आपला बॅगवाला, उंच, कुरळ्या केसांचा, नीनो का काय तो. स्टेशनापासून माझी ट्रंक खांद्यावर घेऊन आला. मी हातावर नाणी ठेवली तर हसला, पण घेतली. दुसऱ्या दिवशी बघते तर लिंबाच्या वाडीत अनवाणी, गुडघाभर चिखलात. मला वाईट वाटलं. बिचारा ओझीही वाहतो आणि वाडीतही राबतो. घरी बायकामुलं असतील. असतील ना? लिहून कळव. आणि रोज संध्याकाळी तो आपल्याबरोबर फिरायला का यायचा, तेही कळव. त्याची मजुरी द्यायची राहिली होती का?

आता कामाचं. तुझ्या बापाने नंदाखालच्या व्हिन्सेंटचं स्थळ मनात धरलं आहे. मुलगा बँकेत आहे, शांत आहे, नवी स्कूटर घेतली आहे. ईस्टरनंतर लग्न, त्याआधी तू नोकरी सोडून परत यायचं, असा तुझ्या बापाचा बेत. तुला तो वेगळं पत्र लिहील. तुझ्या मनात काय आहे ते मला लिही. तू आठ वर्षांची असल्यापासून तुझी वेणी मी घातली आहे, माझ्यापाशी लपवण्यासारखं काही नसावं.

तुझ्याकडचे ते चार दिवस मी पानाविना काढले ते माझं मला ठाऊक. घरी आल्यावर आधी पानवेलीखाली गेले आणि मग चर्चमध्ये. फादरांना सांगू नकोस.

तुझी आत्या,
बर्था


कातानिया
२२ नोव्हेंबर १९७५

प्रिय आत्या,

तुझं पत्र वॉर्डात उभ्या उभ्या वाचलं आणि एवढी हसले की आमच्या सिस्टरने डोळे वटारले. मग बॅगवाल्यापाशी आले आणि हसू पळालं.

आत्या, बॅगवाला नाही गं तो! आपण ज्या बाईंच्या घरी उतरलो होतो त्यांचा तो मुलगा. लिंबाची वाडी त्यांचीच आहे. गडी परवडत नाहीत असं नाही, पण पाणी सोडायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही. तू दिलेली नाणी त्याने आईच्या मरियामातेच्या मूर्तीपुढे ठेवली आहेत. म्हणतो, "ही माझी पहिली मजुरी, खर्च करायची नाही." बायकामुलं नाहीत. म्हणजे अजून नाहीत.

आता तुला कळलंच असेल. तू इथे होतीस तेव्हा रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज माझी जीभ टाळ्याला चिकटायची. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईचा पाय मोडला होता, तेव्हा त्या माझ्या वॉर्डात होत्या. नीनो रोज संध्याकाळी लिंबं घेऊन यायचा. सगळा वॉर्ड सरबत पिऊन कंटाळला तरी याचं येणं थांबेना. शेवटी त्याच्या आईनेच मला विचारलं, "पोरी, तू ह्याला हो म्हण नाहीतर नाही म्हण, माझी झाडं रिकामी झाली."

मी अजून काहीच म्हटलेलं नाही. बाबांना विचारल्याशिवाय म्हणणार नाही, हे त्यालाही सांगितलं आहे. बाबांचं व्हिन्सेंटबद्दलचं पत्र कालच आलं. आत्या, बाबा नाही म्हणाले तर मी पळून जाणारी मुलगी नव्हे. परत येईन, व्हिन्सेंटच्या स्कूटरवर मागे बसेन आणि कुणाजवळ तक्रार करणार नाही. पण मला नीनोच हवा आहे. 

तूच सांग ना बाबांना. तुझं ते ऐकतात. म्हणजे ओरडतात, पण ऐकतात.

तुझी,
ॲनी

ता.क. आगगाडी बोटीत चढते हे बाबांना कळवलं आहे.


निर्मळ
१० डिसेंबर १९७५

प्रिय ॲनीबाय,

अगबाई! मालक! आणि मी त्याला नाणी दिली! वर त्याच्याच वाडीत त्याला रागावले! आता आठवून कानशिलं तापतात.

वाडीतलं ते आठवतं का तुला? चिऱ्यासारख्या काळ्या दगडांच्या भिंती, मधोमध पाण्याने भरलेली ती चौकोनी टाकी, आणि तिच्यातून निघालेले पाट. मी पाहिलं आणि मला आमच्या वाडीतल्या बावखलाची आठवण झाली. तसंच शेवाळ, तसेच बेडूक. वर जुन्या रहाटाचं लाकूडही पडलेलं होतं. सातासमुद्रापलीकडे आपली वाडी कुणी नेऊन ठेवली, असं वाटलं. आणि त्यात एक पाट मोडलेला, पाणी भलतीकडेच चाललेलं. मला कुठे राहवतंय? लुगडं खोचलं, त्याच्या हातातलं खोरं घेतलं आणि पाट बांधला. बांधता बांधता त्याला मराठीतून चार शब्दही सुनावले. मालकाला!

असो. झालं ते झालं. तुझ्या बापाला मी जत्रेत गाठलं. म्हटलं, चार माणसांत बोललं तर फार ओरडणार नाही. सुकेळ्यांच्या दुकानांपाशी उभा होता, उन्हात वाळवलेली पिवळीधमक सुकेळी हातात घेऊन वास बघत. मी सगळं सांगितलं. त्याने सुकेळी खाली ठेवली. चार माणसांत ओरडणार नाही हा माझा अंदाज साफ चुकला.

"पेटत्या डोंगराखाली पोरगी द्यायची? डोकं ठिकानावर हाय का तुझं?"

"डोंगर कवाचा पेटतो, गाव हाय तटंच हाय," मी म्हटलं.

"त्यांचं पानी कसं हाय, मना काय ठावं? ज्या घरचं पानी आपन प्यालो नाय, त्या घरात आपन पोरगी दिलीय कधी?"

"मी प्यालंय. गोड हाय. आपल्यापेक्षा गोड."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. आपल्या विहिरीपेक्षा गोड म्हटल्यावर तो चालताच झाला. रात्रीचं जेवण त्याने माझ्याकडे घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "ॲनीची आय गेली, आता ॲनी पन?" मी त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो हट्टी आहे असं तुला वाटेल. हट्टी आहेच, पण त्याला भीती वाटते आहे. तुझी आई गेल्यापासून तो एवढा घाबरलेला मी पाहिला नव्हता.

व्हिन्सेंटच्या घरी त्याने अजून शब्द दिलेला नाही. तेवढा धीर धर. नाताळची प्रार्थना जरा मोठ्याने कर.

तुझी आत्या,
बर्था


निर्मळ
४ जानेवारी १९७६

चि. ॲनीस अनेक आशीर्वाद.

नाही म्हणजे नाही. एवढंच लिहिण्यासाठी हे पत्र घेतलं आहे. तुझ्या आत्याच्या नादी लागू नकोस. ती चार दिवस परदेशात काय राहिली, आता तिला इथल्या समुद्रातही मीठ कमी लागतं. बोटीतल्या आगगाडीबद्दल मात्र मी तिची माफी मागितली आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी नंदाखालला व्हिन्सेंटच्या घरी शब्द द्यायला जाणार आहे. मुलगा चांगला आहे. तुझं घर सायकलवरून जाण्याच्या अंतरावर राहील. बापाला ह्यापेक्षा जास्त काय हवं असतं?

काही गोष्टी विचारायच्या आहेत, त्या केवळ माहितीसाठी. तुझी आत्या म्हणते, त्या डोंगराची राख वाऱ्याने वाडीवर येऊन पडते. राख पडल्यावर पानं करपतात की ती खत म्हणून लागू पडते? आपण केळींना चुलीतली राख घालतो, ती थोडी. तिथे आकाशातूनच पडत असेल तर लिंबाला किती वर्षं बहर येतो? समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला आडोसा कशाचा करतात? टाकीतलं पाणी उन्हाळ्यात पुरतं का? आणि एवढ्या उतारावर पाट वाहून कसा जात नाही?

उत्तर नाहीच आहे, हे लक्षात ठेव. पण राखेचं लिही.

तुझा बाप,
फ्रेडरिक


कातानिया
२४ जानेवारी १९७६

प्रिय आत्या,

बाबांचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. राखेचं उत्तर त्यांना लगेच पाठवलं. नीनो दोन तास सांगत होता आणि मी लिहीत होते. त्याने उताराच्या पाटाचं चित्रही काढून दिलं. पण त्याचा काय उपयोग? फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी बाबा शब्द देणार. माझ्या बाबांनी दिलेला शब्द मागे घेतल्याचं कुणी ऐकलं आहे का? मी सामानाची पेटी खाली काढून ठेवली आहे. 

नीनोला मी सगळं सांगितलं. तो ओरडला नाही, रागावला नाही. म्हणाला, "तुझ्या वडिलांनी राखेबद्दल विचारलं आहे. ज्याला नाहीच म्हणायचं आहे तो राखेबद्दल का विचारील?" मग म्हणाला, "आई तुला बोलावते आहे, तिला काही दाखवायचं आहे."

मी सुटी घेऊन ताओर्मिनाला गेले. त्याच्या आईने आपलं जुनं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. आत एक पान होतं. वाळून तपकिरी झालेलं, पण ओळखू आलं. आत्या, विड्याचं पान! तुझं!

मला सगळं आठवलं. शेवटची संध्याकाळ, त्यांच्या गच्चीवर. डोंगराचा धूर तांबूस झाला होता. तू डबा उघडलास, पानाला चुना लावलास, कात, सुपारी घातलीस, घडी घालून लवंग टोचलीस आणि तो विडा नीनोच्या हातावर ठेवलास. त्याची आई शेजारीच बसली होती. त्याला खायचा की खिशात ठेवायचा ते कळेना, म्हणून तो नुसताच वास घेत राहिला. मी म्हटलं, राहू दे, आत्या सगळ्यांनाच पान देते. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. इतकी वर्षं इथे राहून मी आपल्याकडची रीत विसरले म्हण.

आत्या, आपल्याकडे मुलीच्या आत्याने मुलाच्या घरी, मुलाच्या आईसमोर त्याच्या हातावर विडा ठेवला की सोयरीक पक्की ना? तो विडा परत घेत नाहीत ना? तू बॅगवाला समजून दिलास, हे मला माहीत आहे. पण चुकून दिलेला विडा धरतात का गं?

हे पत्र वेळेत पोचेल ना? मी ते टपालात टाकलं नाही. इथल्या मठातल्या एक सिस्टर मुंबईला निघाल्या आहेत, त्यांच्या हाती देते आहे.

तुझी,
ॲनी


निर्मळ
४ फेब्रुवारी १९७६

प्रिय ॲनीबाय,

आधी पेटी माळ्यावर ठेव आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी हाती आलं. रविवारी मिस्सा झाल्याबरोबर मी तुझ्या बापाच्या दारात. तो इस्त्रीचा सदरा घालून सायकलला हवा भरत होता. मागे केळीचा घड बांधलेला, नंदाखालसाठी.

मी म्हटलं, "फ्रेडरिक, घात झाला. माझ्या हातनं विडा गेलाय."

"कोनाच्या हातात?"

"त्या लिंबवाल्याच्या. त्याच्या आयच्या म्होरं. मना वाटलं, बॅगवाला हाय."

त्याचा पंप हातातच राहिला. मग जो ओरडला, तो तिसऱ्या आळीत ऐकू गेला. विडा म्हणजे काय चणे-फुटाणे, जो दिसेल त्याला द्यायचा? चुकून दिलेला विडा विडा नव्हे! मी सगळं ऐकून घेतलं. तो दमल्यावर म्हटलं, "मग अँजेलिना आजीचं काय?"

तुला ही गोष्ट कुणी सांगितली नसेल. मोठी माणसं ती पोरांना सांगत नाहीत. माझी आणि फ्रेडरिकची आई लग्नाची झाली तेव्हा तिची आत्या, ही अँजेलिना आजी, मुलाच्या घरी विडा द्यायला गेली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ओट्यावर दोघे भाऊ उभे होते. स्थळ थोरल्याचं ठरलं होतं आणि हिने विडा ठेवला धाकट्याच्या हातावर! घरात रडारड झाली. पण घरातले म्हातारे म्हणाले, विडा गेला तो गेला, आत्याच्या हातचा परत घेत नाहीत. आणि लग्न धाकट्याशी झालं. तो धाकटा म्हणजे आमचे वडील. बेचाळीस वर्षं त्यांनी आईला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. थोरले काका दारू पिऊन दोनदा बावखलात पडले.

मी फ्रेडरिकला म्हटलं, "चुकून दिलेला विडा मोडला असता, तर तू नि मी असतो का? तू कोनाच्या तोंडानं सांगतो, चुकीचा विडा धरायचा नाय म्हनून?"

त्याने पंप खाली टाकला. वाडीत गेला. मी मागे गेले नाही. बऱ्याच वेळाने डोकावले तर बावखलाच्या काठावर बसलेला, हातात तुझ्या नीनोने काढलेलं पाटाचं चित्र. ते त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं, ॲनी. व्हिन्सेंटकडे शब्द द्यायला निघालेला माणूस नीनोचं चित्र खिशात घेऊन निघाला होता! मला बघून म्हणाला, "पोरगा पाट बांधतो, पन वळनावर दगड ठेवतो. हुशार हाय." मग डोळे पुसले. मग केळीचा घड घेऊन सायकलवर बसला.

मी ओरडले, "आता कुठं?"

"नंदाखालला. मी शब्द दिला नाय, पन आस दाखवली व्हती. तोंड दाखवायला नको?"

व्हिन्सेंटची आई मटिल्डा फणसासारखी बाई आहे. मला वाटलं, आता हा शिव्या खाऊन येणार. संध्याकाळी आला तो पोटभर जेवून. मटिल्डाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आत्यानं विडा दिला ना? मग आता कोनाचं काय चालनार?" घड ठेवून घेतला. व्हिन्सेंट त्याला अर्ध्या रस्त्यापर्यंत स्कूटरने सोडायला आला, सायकल राहिली तिकडेच.

तर आता ऐक. तुझा बाप म्हणतो, विडा आपल्या हातचा आहे, तो पाळायचा. पण लग्न इथे, आपल्या चर्चमध्ये, मे महिन्यात. मुलाने पंधरा दिवस आधी यायचं. नवरीच्या न्हाणासाठी, उंबराच्या पाण्याला, बायका विहिरीवर जातील तेव्हा त्याने वाजंत्र्यांच्या पुढे चालायचं. आणि त्याने आपल्या विहिरीचं पाणी पिऊन खरं सांगायचं, कुणाचं गोड. ही शेवटची अट मी घातलेली नाही.

तुझी वेंधळी आत्या,
बर्था


कातानिया
२५ फेब्रुवारी १९७६

माझी लाडकी आत्या,

मी तुझं पत्र वाचून वॉर्डात नाचले. खरंच नाचले. पाय मोडलेल्या पेशंटनी टाळ्या वाजवल्या. नीनोला फोन केला तर तो काही बोलेचना. मला वाटलं, फोन तुटला. तो रडत होता.

तो आणि त्याची आई दोघेही येणार आहेत. त्याची आई विचारते, लिंबाची रोपं आणू का आणि बर्था मला पान खायला शिकवील का? नीनो रोज मराठी शिकतो. "पाणी गोड आहे" हे पहिलं वाक्य त्याने पाठ केलं आहे. कुठल्या विहिरीचं ते मात्र म्हणायचं नाही, असं मी त्याला बजावलं आहे.

बाबांचं पत्र आलं. सगळं राखेबद्दल. शेवटी एकच ओळ, "तुझ्या आईला लिंबाचा वास आवडायचा." ते वाचून मी खूप रडले. बरं वाटलं रडून.

आत्या, एक विचारू? मी त्या चार दिवसांचा विचार करते तेव्हा मला तू आठवतेस. तुला सगळं दिसायचं. माझ्या चपलेचा अंगठा सैल झालेला दिसला, माझ्या केसांतला एक पांढरा केस दिसला. मग नीनो बॅगवाला नाही, हे तुला चार दिवसांत दिसलं नाही? खरं सांग, तो विडा चुकून दिलास?

तुझी,
ॲनी


निर्मळ
१७ मार्च १९७६

प्रिय ॲनीबाय,

हे पत्र वाचून झालं की एटनात टाक. तेवढं लांब जायला नको वाटलं तर स्वयंपाकघरातल्या चुलीत टाक, पण ठेवू नकोस.

त्या दिवशी मी पाट बांधत होते. दुसरा कुणी असता तर त्याने खोरं माझ्या हातातून ओढून घेतलं असतं, नाहीतर हसत उभा राहिला असता. ह्याने तसं काही केलं नाही. पुढच्या झाडापाशी गेला, हातांनी आळं मोकळं केलं आणि पाणी यायची वाट बघत उभा राहिला. माझे यजमान, तुझे काका, तसेच उभे राहायचे. मी इकडून पाणी सोडायचे आणि ते पुढच्या केळीपाशी. सोळा वर्षं आम्ही तशी वाडी भिजवली, बोलायची गरजच पडायची नाही. मी तिथे चिखलात उभी राहून तुझ्याकडे पाहिलं. तू त्याच्याकडे बघत होतीस. मग मला कुणी काही सांगायचं काय उरलं?

तू मला सांगायची वाट मी शेवटच्या संध्याकाळपर्यंत पाहिली. तुझी जीभ टाळ्याला चिकटलेली. मी परत गेल्यावर तुझा बाप व्हिन्सेंटचं काढणार, हे मला निघतानाच ठाऊक होतं. मी येऊन त्याला म्हटलं असतं, "मुलगा मी पाहिला, मला पसंत आहे," तर तो जन्मभर म्हणाला असता, बर्थाने माझी एकुलती एक पोरगी समुद्रापार घालवली. आणि त्याचं खरंही असतं. पण आत्याची चूक झाली तर काय करणार? चुकीवर माणूस एक दिवस ओरडतो आणि मग हसतो. आता तो गावभर सांगत फिरतो, "आमची बर्था म्हंजे! जावयाला मजुरी देऊन आली!"

मलाही सोपं नव्हतं, बाय. तू तिथे राहणार म्हणजे माझ्या म्हातारपणी माझी वेणी कोण घालणार? विमानात शेजारची बाई विचारत होती, का रडता? मी म्हटलं, कान दुखतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी तुला लिहिलं होतं की तुझ्याकडचे चार दिवस मी पानाविना काढले. ते खरं आहे, पण डबा रिकामा नव्हता. रोममध्ये पानं संपत आली तेव्हा एक मागे ठेवलं होतं. ते चार दिवस मी रोज सकाळी ओल्या फडक्यातून काढायचे, बघायचे, पाणी शिंपडायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे. दाढा शिवशिवायच्या, डोकं दुखायचं, तरी खाल्लं नाही. चाळीस वर्षं पान खाणाऱ्या बाईने असं राखून ठेवलेलं शेवटचं पान बॅगवाल्याला दिलं असतं का गं?

मे महिन्यात लवकर या. पानवेल यंदा फार छान फुटली आहे.

तुझी आत्या,
बर्था

ता.क. अँजेलिना आजीला दिसत नव्हतं म्हणतात. मला आता तिच्याबद्दलही शंका यायला लागली आहे.